आठवणींची भेसळ

जालन्यात बियाण्याचा धंदा उभा राहिला तो एका धाकावर: भेसळ होता कामा नये. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये येथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि या काळात आसपासच्या गावांतले कितीतरी शेतकरी बीजोत्पादन शिकले. बीजोत्पादन शिकणे म्हणजे मुख्यतः वेगळे ठेवायला शिकणे. शेजारच्या शेतातला पराग येऊ नये म्हणून विलगीकरण अंतर सोडायचे, वाणाबाहेरची झाडे उपटून टाकायची, मळणीआधी यंत्र झाडून घ्यायचे, प्रत्येक लॉटला स्वतःचा क्रमांक द्यायचा, पायाभूत बियाण्याला पांढरा टॅग लावायचा आणि प्रमाणिताला निळा. वेगळे ठेवण्याची इतकी सवय हाडीमासी असलेल्या या गावात आता नोंदी संगणकावर होतात. तेथे रोज एक भेसळ होऊ शकते आणि तिच्यासाठी कोणी टॅग लावलेला नाही. ती इनपुट हिस्टरीत होते.

संगणकाने प्रश्न विचारला, आपण उत्तर टाइप केले, की ते उत्तर तो बाजूला जपून ठेवतो. पुढच्या वेळी वरच्या बाणाची कळ दाबली की जुने उत्तर समोर हजर. सोय मोठी आहे. लांबलचक लॉट क्रमांक दिवसातून अनेकदा टाइप करावा लागणाऱ्या माणसाला विचारा. पण जपून ठेवलेले उत्तर कोणत्या प्रश्नाचे होते, हे यंत्र लक्षात ठेवते का? बहुतेक वेळा ठेवत नाही. आणि ठेवायचे की नाही हा निर्णय स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरचा असतो. तो निर्णय तो घेतच नाही, ही माझी तक्रार आहे.

एक उदाहरण घेऊ. बियाणे तपासणीच्या नोंदी साध्या मजकुराच्या फायलीत ठेवायच्या आहेत. कोणा हुशार मुलाने त्यासाठी व्हिम या एडिटरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. कळ दाबली की ती ओळीने तीन प्रश्न विचारते: लॉट क्रमांक, उगवणीचे प्रमाण, ओलावा. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला उगवण किमान 70 टक्के लागते आणि साध्या पोत्यातल्या बियाण्याचा ओलावा 12 टक्क्यांच्या वर चालत नाही. आता नोंद करणारी व्यक्ती ओलाव्याच्या प्रश्नावर बाणाची कळ दाबते. समोर येते मघाचे उगवणीचे 70. ते लगेच खटकेल, कारण ओलावा 70 टक्के असूच शकत नाही. पण उगवणीच्या प्रश्नावर मागच्या लॉटची उगवण आली, 72 च्या जागी 78, तर काय खटकणार? दोन्ही आकडे शक्य आहेत, दोन्ही निकषात बसतात. मागच्या लॉटचा क्रमांक या लॉटच्या नावावर गेला तरीही तेच. टाइप करताना झालेली चूक विचित्र दिसते, म्हणून सापडते. हिस्टरीतून आलेली चूक मात्र पूर्ण शुद्ध दिसते, कारण ती कधीतरी, दुसऱ्या कोणासाठी, खरीच होती.

व्हिमवर माझे प्रेम आहे, म्हणून त्याचा दोष नीट सांगतो. ब्राम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने तो 1991 मध्ये लोकांसमोर आणला आणि 3 ऑगस्ट 2023 रोजी जग सोडेपर्यंत सांभाळला. मोबदला मागितला नाही; वापरणाऱ्यांनी युगांडातल्या मुलांसाठी मदत करावी एवढेच सुचवले. त्याच्या आधीचा व्ही हा एडिटर बिल जॉय यांनी 1976 मध्ये लिहिला होता, त्याची ही सुधारलेली परंपरा. व्हिममध्ये हिस्टरीचे पाच स्वतंत्र तक्ते आहेत: कमांडचा, शोधाचा, गणिती पदांचा, डीबगचा आणि पाचवा इनपुटचा. म्हणजे वेगळे ठेवण्याची गरज मोलेनार यांना कळलेली होती. शोधलेला शब्द कमांडमध्ये मिसळत नाही. पण स्क्रिप्टने 'इनपुट' हे फंक्शन वापरून विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या एकाच पाचव्या तक्त्यात पडतात. कोणतीही स्क्रिप्ट असो, कोणीही लिहिलेली असो, प्रश्न फाइलच्या नावाचा असो की लॉटच्या क्रमांकाचा, सगळ्यांचे पोते एकच. चार तक्ते नेटके वेगळे आणि पाचव्यात सगळी खिचडी, हे मला कधी पटलेले नाही.

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरची मांडणी येथे सरळ चांगली आहे. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू ईमॅक्स 1985 चा. त्यात प्रश्न विचारणाऱ्या फंक्शनला सांगता येते की या प्रश्नाची हिस्टरी अमुक नावाच्या यादीत ठेव. लॉटची यादी वेगळी, उगवणीची वेगळी. नावाच्या जागी एक ठरावीक खूण दिली तर काहीच नोंदवायचे नाही असाही आदेश देता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उत्तर आपोआप यादीत टाकण्याची क्रिया पूर्ण थांबवता येते आणि स्क्रिप्टला स्वतः तपासून, योग्य वाटले तरच, ते यादीत घालता येते. चुकीचे टाइप केलेले, निकषात न बसणारे, अर्धवट सोडलेले उत्तर मग पुढे कोणाला सुचवले जात नाही. तपासल्याशिवाय साठ्यात काही घ्यायचे नाही, एवढा हा नियम. ईमॅक्समध्येही तो सांगावा लागतो, आपोआप होत नाही. प्रोग्रॅमरने यादीचे नाव दिले नाही तर तेथेही सगळे एका सामाईक यादीत जमा होते.

मग व्हिमवाल्यांनी काय करावे? हातपाय गाळण्याचे कारण नाही, स्क्रिप्टमध्ये उपाय आहे. प्रश्न विचारण्यापूर्वी इनपुटच्या तक्त्यातली सगळी जुनी उत्तरे 'हिस्टगेट'ने एकेक करून वाचायची आणि बाजूला एका यादीत ठेवायची. 'हिस्टडेल'ने तक्ता रिकामा करायचा. आता फक्त या प्रश्नाची पूर्वीची उत्तरे 'हिस्टअ‍ॅड'ने त्यात भरायची आणि मग प्रश्न विचारायचा. उत्तर आले की ते तपासायचे, चांगले असेल तर आपल्या प्रश्नाच्या यादीत जोडायचे, आणि शेवटी तक्ता पुन्हा रिकामा करून बाजूला ठेवलेली जुनी उत्तरे त्याच क्रमाने परत भरायची. हे सगळे 'ट्राय' आणि 'फायनली' यांच्या मध्ये बसवले पाहिजे. माणूस मध्येच कंट्रोल-सी दाबून बाहेर पडतो, आणि त्या क्षणी दुसऱ्या स्क्रिप्टची आठवण आपल्या हाती असते. ती परत न करता निघून जाणे म्हणजे उसनी घेतलेली वस्तू बुडवणे. 'फायनली'तला भाग तशा वेळीही चालतो, म्हणून परत भरणी तेथेच हवी.

आणखी एक खड्डा आहे, त्यात नवखा हमखास पडतो. एखाद्या कळीला लांब आदेश जोडला, त्या आदेशाच्या मध्येच प्रश्न विचारला, तर आदेशाची उरलेली अक्षरे म्हणजेच उत्तर, असे व्हिम समजतो. माणूस काही टाइप करण्याच्या आतच उत्तर भरले जाते. त्यासाठी प्रश्नाआधी 'इनपुटसेव्ह' आणि नंतर 'इनपुटरिस्टोअर' लिहायचे असते. पहिले रांगेतली अक्षरे बाजूला थांबवते, दुसरे ती परत आणते. पहिले लिहून दुसरे विसरले तर थांबवलेली अक्षरे थांबलेलीच राहतात. ही जोडी शाळकरी मुलाच्या कंसासारखी आहे, उघडला की मिटलाच पाहिजे.

कधी कधी हिस्टरीची गरजच नसते, हेही ओळखता आले पाहिजे. तालुका विचारायचा आहे. जालना जिल्ह्यात आठच तालुके: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. उत्तर या आठांपैकीच असणार, तर मागच्या माणसाने काय लिहिले ते कशाला दाखवायचे? आठ नावांची यादी द्या, टॅब दाबून पूर्ण होऊ द्या. व्हिमच्या 'इनपुट'ला ती यादी सोबत देता येते. हिस्टरी तेथेच कामाची जेथे उत्तर मोकळे असते आणि पुन्हा पुन्हा लागते. नव्या व्हिमच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक तक्त्यात 200 ओळी राहतात, ईमॅक्समध्ये 100, व्हिमचीच शाखा असलेल्या निओव्हिममध्ये 10000. हे आकडे एडिटर लिहिणाऱ्यांनी ठरवले, लॉट क्रमांक टाइप करणाऱ्याला विचारून ठरवले नाहीत. आजच्या दिवसाचे लॉट पुरेसे असतील तर स्क्रिप्टने सकाळी यादी कोरी करावी.

आतापर्यंतची भेसळ चुकीच्या नोंदीपुरती होती. पुढची जास्त गंभीर आहे, कारण तिच्यात माणसाचे खासगीपण जाते.

सेवा केंद्राचा विचार करा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, पीक विम्याचा अर्ज. 2023 नंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी आलेल्या माणसांची गर्दी, जिची सुरुवात याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनातून झाली. दिवसभर एकच संगणक, एकच ब्राउझर, एकच खुर्ची आणि अर्ज मात्र वेगवेगळ्या घरांचे. अर्जाच्या रकान्यावर क्लिक केले आणि त्याखाली आधीच्या लोकांची नावे, मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक यांची यादी उघडली, तर ती यादी खिडकीबाहेर उभ्या माणसालाही दिसते. रकाना बनवणाऱ्याने ऑटोकम्प्लीट बंद ठेवले असते तर ती सहसा उघडली नसती. एडिटरमधली हिस्टरी आणि ब्राउझरमधली ही यादी, दोन्ही एकाच जातीच्या: प्रश्न विचारणाऱ्याने उत्तराचे पुढे काय होणार याचा विचार केला नाही.

आधार क्रमांकाचे एक वैशिष्ट्य येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. तो 12 अंकी असतो आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. त्यासाठी फर्हूफ यांची पद्धत वापरतात. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की हिशेब जुळत नाही आणि चूक तेथेच धरली जाते. चांगली रचना आहे. पण हिस्टरीतून उचललेला क्रमांक कोणा तरी खऱ्या माणसाचा असतो, सगळेच्या सगळे अंक बरोबर. हिशेब चोख जुळतो. तपासणी त्याला हसतमुखाने आत सोडते आणि एका शेतकऱ्याचा अर्ज दुसऱ्याच्या क्रमांकावर जातो. टाइप करण्यातली चूक पकडण्यासाठी बांधलेला बांध आठवणीतून आलेल्या चुकीपुढे काहीच कामाचा नाही. म्हणून अशा रकान्याला आठवण असता कामा नये. अजिबात नाही.

एडिटरमध्ये यासाठी वेगळे फंक्शन आहेच. व्हिमचे 'इनपुटसीक्रेट' टाइप केलेली अक्षरे पडद्यावर ताऱ्यांनी झाकते आणि उत्तर हिस्टरीत ठेवत नाही. ईमॅक्समध्ये पासवर्ड विचारण्याची स्वतंत्र सोय आहे. तरी मुले पासवर्डसुद्धा साध्या 'इनपुट'ने विचारताना दिसतात, कारण शिकवताना तेच एक फंक्शन शिकवलेले असते. मग काय होते? व्हिम बंद केला तरी आठवण पुसली जात नाही. ती विमइन्फो नावाच्या फायलीत, वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरमध्ये, साध्या मजकुरात लिहिली जाते. दुसऱ्या दिवशी त्याच खात्यावर बसलेल्या कोणालाही ती उघडून वाचता येते. इनपुटच्या किती ओळी फायलीत जाव्यात हे विमइन्फोच्या मांडणीत @ या चिन्हापुढे आकडा लिहून ठरवता येते. शून्य लिहिले की एकही जात नाही. सामाईक संगणकावर ते शून्य लिहिणे हे काम संगणक बसवणाऱ्याचे आहे, खुर्चीवर बसलेल्या ऑपरेटरचे नव्हे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम झाल्यावर ती ठेवू नये, हे त्या कायद्याचे एक मुख्य तत्त्व आहे. ते तत्त्व पाळायचे असेल तर सुरुवात मोठमोठ्या सर्व्हरपासून करण्याची वाट कशाला पाहायची? या छोट्या फायलीपासून करता येते.

येथे कोणी विचारेल, मग सगळेच पुसायचे का? चौकशी झाली तर पुरावा कोठून आणणार? हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात पोकळ नाही. अतिवृष्टीच्या अनुदानवाटपातल्या गैरव्यवहाराचे प्रकरण 2025 मध्ये अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत गाजले. अशा प्रकरणात कोणत्या नावाची नोंद कोणी, कधी, कोणाच्या लॉगिनने केली हे कळलेच पाहिजे. पण त्याचे उत्तर नोंदवहीत, म्हणजे सर्व्हरवरच्या लॉगमध्ये असते, आणि ती वही कोणाला खोडता येऊ नये. इनपुट हिस्टरी ही तशी वही नाही. तिच्यात वेळ भरवशाची नसते, माणसाचे नाव नसते, आणि बाणाची कळ दाबता येणारा कोणीही ती चाळू किंवा बदलू शकतो. नेमके उलटे घडताना दिसते: जी वही टिकायला हवी ती अपुरी, आणि जी आठवण मिटायला हवी ती वर्षानुवर्षे फायलीत पडून. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने दोन्ही वेगळ्या ठेवाव्यात. नोंद झाली की तारीख, वेळ आणि वापरणाऱ्याचे नाव यांसह एक ओळ वहीत जोडावी. सुचवण्याची यादी मात्र कामापुरती, लहान आणि पुसता येणारी असावी.

मराठीचा म्हणून एक खास पेच आहे आणि तो इंग्रजी पुस्तकात वाचायला मिळत नाही. 'वऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला र संगणकात तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र दाबला की नुक्त्याचा ऱ हे एकच अक्षर येते. काही ठिकाणी र आणि नुक्ता अशी दोन स्वतंत्र अक्षरे पडतात. काही कळफलक साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर तिन्ही 'वऱ्हाडे' सारखेच दिसतात. व्हिमच्या हिस्टरीत तेच उत्तर पुन्हा आले तर जुने काढून नवे वर घेतले जाते; पण ही तुलना आतल्या अक्षरसंकेतांची होते, डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाची नाही. म्हणून यादीत तीन वऱ्हाडे बसतात. ऑपरेटर त्यातला कोणताही निवडतो आणि पुढे शोध घेताना त्या माणसाची नोंद सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे होत नाही, ते स्क्रिप्टनेच ओळखून बदलावे लागते. हिस्टरीत घालण्यापूर्वी उत्तराला एका रूपात आणणे ही दोन ओळींची गोष्ट आहे. ती दोन ओळींची गोष्ट मराठी माणसाने मराठी नोंदींसाठी केली नाही तर दुसरे कोणी येऊन करणार नाही.

इतक्या बारीक गोष्टींना एवढे महत्त्व कशाला, असे वाटणाऱ्यांनी घनसावंगी तालुक्यातल्या जांबकडे पाहावे. समर्थ रामदासांचा जन्म तेथे 1608 मध्ये झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास त्यांनी लेखनक्रियेला दिला आहे. अध्यात्म सांगणारा माणूस तेथे लेखणी, शाई, कागद, समास सोडणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत अक्षर एकसारखे ठेवणे यांवर बोलतो. लिहिण्याचे साधन नीट राखणे हा त्यांच्या लेखी शिकवणीचाच भाग होता. आज लिहिण्याचे साधन एडिटर आहे, आणि साधन राखणे म्हणजे त्याची आठवण राखणेही आले.

आपल्या तंत्रनिकेतनांत आणि महाविद्यालयांत स्क्रिप्ट शिकवताना प्रश्न विचारणारे फंक्शन एका ओळीत संपते: नाव विचारा, उत्तर घ्या, छापा. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत यापुढे एवढे तरी तपासावे. मुलाच्या स्क्रिप्टला दोन वेगळे प्रश्न विचारायला लावावेत आणि परीक्षकाने दुसऱ्या प्रश्नावर वरच्या बाणाची कळ दाबावी. पहिल्याचे उत्तर आले तर गुण कापावेत. मध्येच कंट्रोल-सी दाबून बाहेर पडावे आणि आधीची हिस्टरी जागेवर आहे का ते पाहावे. शेवटी पासवर्ड टाइप करून एडिटर बंद करावा, विमइन्फो उघडावी आणि त्यात तो पासवर्ड शोधावा. शासकीय कार्यालये आणि बियाणे कंपन्या बाहेरून सॉफ्टवेअर लिहून घेतात, त्यांच्या स्वीकृती चाचणीतही हेच तीन प्रयोग घालता येतील. त्यासाठी वेगळा खर्च नाही, फक्त निविदेत आणखी एक परिच्छेद लागेल: कोणत्या रकान्याची आठवण ठेवायची, किती, किती दिवस, आणि कोणत्या रकान्याची मुळीच नाही. तो परिच्छेद मराठीत लिहावा, म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्या ऑपरेटरलाही तो वाचता येईल.